शेपटीखालचं पांढरं

दाजींनी टेबलावर पाच बदकं टाकली. त्यातलं चौथं अजून जिवंत होतं.

पंख मोडून लोंबत होता, छातीची पिसं रक्तानं चिकटली होती, पण मान वर. चुकून भलत्याच घरी आल्यासारखं इकडेतिकडे बघत होतं. दाजींनी त्याचे दोन्ही पाय एका मुठीत धरले आणि टेबलाच्या पत्र्याच्या कडेवर डोकं आपटलं. एकदा. परत एकदा. दुसऱ्या वेळी आवाज ओला आला. टेबलामागं पक्षी तपासून नोंदणाऱ्या चोच्याच्या वहीवर रक्ताचे बारीक शिंतोडे उडाले, एक त्याच्या चष्म्याच्या काचेवर बसला.

"घे मेव्हण्या," दाजी रुमालाला हात पुसत म्हणाले. "आता गप पडेल. बघ काय बघायचंय ते."

शेडमधले बाकीचे शिकारी हसले. दाजींचं सगळ्यांशी गुळपीठ. कुणाला काडतूस कमी पडलं तर देणार, कुणाची होडी चिखलात रुतली तर गुडघाभर चिखलात उतरून ढकलणार. अख्ख्या तलावावर नेमबाज म्हणून नाव. माणूस असावा तर असा, असं लोक चोच्यालाच सांगायचे. त्याच्याच बहिणीचा नवरा, म्हणून कौतुकानं.

चोच्या हसला नाही. त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. गेले अकरा दिवस त्याच्या डोक्यात एकच गोष्ट ठाण मांडून बसली होती. ही बंदूक या माणसाबरोबर परत घरी जाता कामा नये.

अकरा दिवसांपूर्वी ताईनं एवढंच म्हटलं होतं, की जेवायच्या टेबलावर बंदूक साफ करू नका, तेलाचे डाग पडतात. दाजींनी मान डोलावली. दोन काडतुसं भरली आणि मोरीजवळच्या भिंतीत बंदुकीची एक नळी रिकामी केली. ताई तिथून हातभर अंतरावर भांडी घासत उभी होती. फरश्या फुटल्या, तुकडे उडाले, भिंतीवरून उलटलेले छर्रे तिच्या हातात घुसले. मग दाजी म्हणाले, "बरं, टेबलावर नाही ठेवत." आणि ताटातलं उरलेलं जेवले. सगळं जेवले. ताई सांगत होती तेव्हा ती हेच पुन्हा पुन्हा सांगत होती, अरे, त्यांनी ताट पुसून खाल्लं.

छर्रे चोच्यानंच काढले. शेडमधल्या चिमट्यानं. बदकाच्या छातीतून काढायचा तसेच, पाच नंबरचे, डाळीच्या दाण्याएवढे. सात निघाले. आठवा हाडाजवळ होता, तो राहिला. ताई दातात टॉवेल धरून बसली होती.

पोलीस चौकीत ताईनं लिहून दिलं, साफ करताना सुटली. दाजी शेजारच्या खुर्चीत बसले होते, तिच्या खांद्यावर हात ठेवून. दुसरं काय लिहिणार ती? ती दोन दिवस चोच्याच्या खोलीवर येऊन राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी दाजी समोरच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले, मांडीवर बंदूक आडवी. शिव्या नाहीत, हाका नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत होते. दुपारपर्यंत बसले. ताईनं खिडकीतून तीनदा बघितलं आणि चौथ्यांदा पिशवी उचलली.

चोच्या चौकीतल्या माणसाला एकटा जाऊन भेटला, तेव्हा त्या पोलिसानं सरळ सांगितलं. ही बंदूक तलावाच्या परवान्यावर आहे, तुमच्या तलावावर काही गुन्हा केला तर तुमचे साहेबच ती जप्त करू शकतात, आम्ही नाही. घरातलं घरात मिटवा.

मग चोच्यानं मिटवायचा प्रयत्नही केला होता. म्हणजे उलटा. दाजींनी सगळ्यांसमोर हात उचलावा म्हणून तलावावर चार माणसांदेखत त्यांना नको नको ते बोलला. दाजींनी त्याच्या गालावर प्रेमानं थापटलं, म्हणाले, पोराची झोप झालेली नाही. आणि त्याच संध्याकाळी घरी जाऊन ताईच्या बरगड्यांवर बुटानं हिशोब चुकता केला. तेव्हापासून चोच्यानं तोंड शिवून घेतलं. दाजी बाहेर भडकत नव्हते. बाहेर भडकेल असं त्यांच्यात काही सापडतच नव्हतं.

आणि आता हे पाचवं बदक.

पहिली चार चोच्यानं लिहून टाकली. दोन थापट्या बदकं, एक हिरव्या डोक्याचा नर, आणि ज्याचं डोकं आपटलं ती साधी मादी. चोच्याला हे काम कुणी शिकवलं नव्हतं. शेडच्या मागं मावशी बदकं सोलायची, तिच्या टोपलीत डोक्यांचा ढीग पडायचा. शाळा सुटल्यापासून तो त्या ढिगात बसून शिकला. पिसांवर जाऊ नये, हे त्याचं पहिलं शिकणं. पिसं म्हणजे कपडे. उन्हाळ्यात नरसुद्धा मादीचे तपकिरी कपडे घालून बसतात, भलेभले फसतात. चोच म्हणजे हाड. चोच कपडे बदलत नाही. कुठलाही पक्षी टेबलावर आला की हा आधी चोच धरायचा, म्हणून नाव पडलं चोच्या. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तेवढंच.

पाचव्याला चोचच नव्हती. डोकंच नव्हतं.

"कुत्र्यानं चावलं," दाजी म्हणाले. जरा लवकरच म्हणाले. अजून कुणी विचारलं नव्हतं.

चोच्यानं पक्षी उलटा केला. लहानखुरा, सगळा तपकिरी, चॉकलेटसारखा. पोट फिकट. आणि शेपटीखाली पांढरंशुभ्र.

शेजारचा शिकारी ओणवा झाला आणि हळूच शीळ घातली. कारण शेडच्या भिंतीवर जो बोर्ड होता त्यावर हेच रंगवलेलं होतं. तपकिरी बदक, शेपटीखाली पांढरं, वर लाल फुली. पांढरडोळी. या तलावावर तिच्या जेमतेम नऊ जोड्या उरल्या होत्या. एक मारली की बंदूक जागच्या जागी जप्त, परवाना जन्मासाठी रद्द. अपील नाही, दया नाही.

चोच्यानं पेन खाली ठेवलं. हा माणूस कधी चुकत नव्हता. आज चुकला?

त्यानं मानेचं टोक बघितलं. कुत्र्याच्या दातांनी कातडी फाटते, भोकं पडतात. इथं कातडी दोरीसारखी पिळलेली होती. चार-पाच पीळ. मग ओढून तोडलेली. हे हातानं केलेलं. दाजींनी पक्षी उचलला, शेपटीखालचं पांढरं बघितलं आणि लव्हाळ्यातच त्याचं मुंडकं पिळून फेकून दिलं. पक्षी का नाही फेकला? कारण गोळीचा आवाज आणि पडलेला पक्षी शेजारच्या होडीनं बघितला होता, पक्षी हजर करावाच लागणार होता. डोकं गेलं की ओळख गेली, असा त्यांचा हिशोब.

मग चोच्यानं पंख उघडला.

आणि तिथेच थांबला.

पंखावर पांढरी पट्टी होती. पांढरडोळीची पट्टी पंखाच्या टोकापर्यंत चुन्यासारखी पांढरी जाते, हात लावला तर बोटाला लागेल असं वाटतं. ही अर्ध्यात मळकी होत गेलेली, टोकाला राखाडी. ही पांढरडोळी नव्हती. ही शेंडी बदकाची मादी होती. शेंडीच्या काही माद्यांनासुद्धा शेपटीखाली पांढरं असतं. शंभरात चार-पाच. बोर्डावर हे कुणी लिहिलेलं नव्हतं. चोच्यानं साहेबांना दोन वर्षं सांगितलं होतं, की बोर्डावर चोच काढा. शेंडीच्या चोचीचं सगळं टोक काळं असतं, शाईत बुडवल्यासारखं. पांढरडोळीचं फक्त टोकावरचं नख काळं, तिळाएवढं. एवढा एक फरक बघितला की लहान मूलसुद्धा चुकणार नाही. साहेब म्हणायचे, पुढच्या हंगामात बघू.

म्हणजे दाजींनी अगदी कायदेशीर पक्षी मारला होता, आणि घाबरून त्याचं डोकं तोडलं होतं. ज्या चोचीनं त्यांना सोडवलं असतं तीच ते लव्हाळ्यात फेकून आले होते.

आणि हे शेडमध्ये एकट्या चोच्याला कळलं होतं.

इथली पद्धत अशी होती. शंकेचा पक्षी आला की दोघांनी तो वेगवेगळा बघायचा. चोच्यानं बघायचा, मग मावशीनं. एकमेकांशी बोलायचं नाही, डोळ्यानं खुणवायचं नाही. दोघांनी चिठ्ठीवर पक्ष्याचं नाव लिहून घडी घालून साहेबांच्या हातात द्यायची. चिठ्ठ्या जुळल्या की विषय संपला.

चोच्यानं चिठ्ठी ओढली. त्यानं आयुष्यात चुकीचं नाव लिहिलं नव्हतं. एकदाही नाही. पेन टेकवलं तेव्हा त्याला ताईच्या हातातला आठवा छर्रा आठवला, तो हाडाजवळचा. त्यानं लिहिलं, पांढरडोळी. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

मावशी हात पुसत आली. कोपरापर्यंत पिसं चिकटलेली, एप्रनवर सकाळपासूनचं रक्त. तिनं पक्षी घेतला, पंख उघडला, मिटला. वर बघितलं नाही. लिहिलं आणि दिलं.

साहेबांनी दोन्ही चिठ्ठ्या उघडल्या. साहेब म्हणजे सगळ्यांना खूश ठेवायचं म्हणून कुणालाच खूश न करणारा माणूस. त्यांनी एक वाचली, दुसरी वाचली, पुन्हा पहिली.

"जुळत नाहीत," ते म्हणाले. "तू म्हणतोस पांढरडोळी. मावशी म्हणतात शेंडी."

  चोच्या दाजींकडेच बघत होता, म्हणून त्याला दिसलं. दाजींनी आधी मावशीकडे बघितलं, मग पक्ष्याकडे, मग परत मावशीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. प्रश्न होता. शेंडी? खरंच?

मावशीला साहेबांनी कारण विचारलं. ती म्हणाली, पट्टी मळकी आहे टोकाला, आणखी काय सांगू, चाळीस वर्षं सोलतेय. मग तिनं चोच्याकडे बघितलं. रागानं नाही. ज्याला आपल्या टोपलीपाशी बसून शिकताना बघितलंय त्याच्याकडे माणूस जसं बघतो तसं. चोच्याला ते सहन होईना. त्यानं नजर वहीवरच्या रक्ताच्या ठिपक्यांवर नेली.

साहेबांनी तोडगा काढला. पंख कापून वर शहरात पाठवायचा. तिथली मोठी माणसं आठ दिवसांत कळवतील. तोपर्यंत बंदूक कपाटात.

चोच्याचा हिशोब एका क्षणात झाला. आठ दिवस. शहरातली माणसं पंख बघतील आणि लिहितील, शेंडी, मादी. बंदूक परत. आणि आठ दिवस घरात बसलेला, डिवचलेला माणूस बंदूक खांद्यावर टाकून पुन्हा त्या स्वयंपाकघरात. खोटं आठ दिवस पुरणार होतं. ताईला आठ दिवस पुरले नसते.

आणि मग त्याला दाजींच्या चेहऱ्यावरचा तो प्रश्न परत दिसला. या माणसाला आपण काय मारलं तेच माहीत नव्हतं. अख्ख्या तलावाचा नेमबाज, आणि बदक ओळखता येत नाही. बाहेर भडकेल असं दाजींच्यात काहीच नाही असं चोच्याला वाटायचं. होतं. हेच होतं.

पण जपून. मागच्या वेळी त्यानं डिवचलं आणि फेडलं ताईनं. या वेळी दाजींनी हसून गालावर थापटलं, तर आज संध्याकाळी तिचं काय होईल याचा विचार करायलाही त्याला धीर नव्हता. दुसरं म्हणजे, आपण हात उचलायचा नाही. दोघांनी मारलं तर वहीत 'भांडण' लिहितात आणि दोघांना समज देऊन सोडतात. एकानंच मारलं, आणि तेही कामावरच्या तपासनिसाला, तर तो तलावावरचा गुन्हा. त्याला आठ दिवस लागत नाहीत.

चोच्यानं दोन्ही हात मागं नेले आणि टेबलाची कड घट्ट धरली.

"साहेब," तो म्हणाला, "मी खोटं लिहिलं. ती शेंडीच आहे. मावशी बरोबर आहेत."

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. मावशीनं डोळे मिटले.

"काय म्हणतोस काय तू? नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. मला माहीत होतं ती शेंडी आहे. दाजींना माहीत नव्हतं. विचारा त्यांना."

दाजी हसले. "मेव्हण्याची झोप झालेली नाही, साहेब."

"दाजी, तुम्ही मारलीत ना ती? मग सांगा. कशावरून शेंडी?"

दाजी म्हणाले, अरे मारताना दिसतंच की. मग शेजारच्या होडीवाल्यानंच विचारलं, बरं दिसलं तर मग काय दिसलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, त्याच्यात काही कपट नव्हतं. दाजींनी बोर्डाकडे नजर टाकली. सगळ्यांनी ती नजर बघितली. बोर्डावर उत्तर नव्हतं.

"माहीत नाही त्यांना," चोच्या म्हणाला. आता त्याचा आवाज सुटला होता. "सूर्य डोळ्यावर होता, तपकिरी काहीतरी उडालं, यांनी मारलं. मग शेपटी बघितली आणि यांची पाचावर धारण बसली. हे बघा मान. कुत्रा असं पीळ घालतो का कधी? डोकं यांनी तोडलं. लव्हाळ्यात बसून, घाबरून, स्वतःच्या हातानं." त्यानं श्वास घेतला. "आणि दाजी, त्या चोचीचं टोक काळं होतं. पूर्ण काळं. डोकं मानेवर ठेवलं असतंत तर आत्ता घरी पोचला असता. शेंडीला भ्यालात तुम्ही. नेमबाज. अर्ध्या किलोच्या मेलेल्या बदकाला भ्यालात."

होडीवाला फस्सकन हसला. आवरायला गेला आणि जास्तच हसला. मग दुसरा. मग सगळी शेड. कुणीतरी मागून म्हणालं, दाजी, पुढच्या वेळी आधी नाव विचारून घ्या तिला. हशा पत्र्याला लागून परत आला.

दाजीही हसत होते. एक क्षण चोच्याला वाटलं, गेलं. हसतायत. आता गालावर थापटतील.

दाजींनी खरंच हात गालाकडे आणला. आणि मारला.

चष्मा भिंतीपर्यंत गेला. दुसरा फटका मुठीचा, नाकावर, काहीतरी कचकन सरकलं आणि तोंडात गरम पाणी भरलं. तिसरा पोटात. चोच्यानं टेबलाची कड सोडली नाही. पत्रा बोटांत रुतत होता, ते त्याला नाकापेक्षा जास्त जाणवत होतं. हात उचलायचा नाही. हात उचलायचा नाही. दाजींनी त्याचे केस धरले आणि तोंड टेबलावर आदळलं, त्याच पाच पक्ष्यांवर. पिसं तोंडात गेली. परत आदळलं. कुणीतरी ओरडत होतं, सोडा, मरेल तो. दाजी काही बोलत नव्हते. घरीही बोलत नसणार, चोच्याला वाटलं, ताईनं कधी सांगितलं नाही पण घरीही हे असंच मुकाट्यानं चालत असणार.

दोघांनी दाजींना मागून धरलं. त्यांनी एकाला कोपरानं उडवलं, तीन पावलं मागं गेले आणि दाराजवळच्या, बंदुका टेकवायच्या घोडीवरून आपली दुनळी बंदूक उचलली. रिकामी होती. शेडमध्ये नळ्या बिजागरीवर उघडून, रिकाम्या करूनच ठेवायच्या असतात. दाजींनी ती नळ्यांकडून धरली आणि मागचा लाकडी दस्ता फिरवला.

चोच्याचा जबडा दोन ठिकाणी तुटला. आवाज त्याला आतून ऐकू आला, कानांनी नाही. त्यानंतर टेबलाची कड हातात नव्हती आणि तो खाली सिमेंटवर पडला होता, गालाखाली कुणाचीतरी मोडकी शेपटी. दस्ता दुसऱ्यांदा वर गेलेला दिसला. तो खाली आला नाही, कारण मावशीनं दाजींच्या मनगटावर सोलायच्या सुरीची पाठ इतक्या जोरात मारली की बंदूक सुटली. मग चार जण दाजींच्या अंगावर पडले.

 साहेबांनी बंदूक उचलली, उगाचच नळ्यांत बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाचंही मत न घेता कपाटात टाकून किल्ली फिरवली. परवान्याच्या पुस्तकावर आडवी रेघ मारताना पेन कागदातून आरपार गेलं. मग त्यांनी दुसरा कागद घेतला आणि चोच्याला खोट्या चिठ्ठीबद्दल कामावरून काढल्याचं लिहिलं. तेही बरोबरच होतं. चोच्या खालून बघत होता. एका डोळ्यानं. दुसरा बंद होत चालला होता.

दवाखान्यात जबड्याला तारा घातल्या. नाक बसवलं. तीन दात गेले, डावा डोळा वाचला, पण त्यातून सगळं धुक्यातून दिसल्यासारखं दिसायचं. डॉक्टरीण म्हणाली, तो सुधारेल की नाही हे कळायला सहा आठवडे लागतील.

ताई आली तेव्हा तिनं आधी पंधरा मिनिटं त्याला शिव्या घातल्या. कुणी सांगितलं होतं तुला, अक्कल गहाण टाकली होतीस का, आई असती तर तिनंच तुझा दुसरा जबडा मोडला असता. मग तिनं विचारलं, बंदूक कुठाय. चोच्यानं हवेत किल्ली फिरवून दाखवली.  ताई खिडकीबाहेर बघत बसली. त्या दिवशी ती घरी गेलीच नाही. दवाखान्यातून सरळ चोच्याच्या खोलीवर गेली, अंगावरच्या कपड्यांनिशी.

चौकीतल्यांना या वेळी मात्र 'घरातलं घरात' म्हणता आलं नाही, दस्ता कामावरच्या माणसाच्या तोंडावर बसला होता आणि बघणारे चौदा जण होते. दाजींना आत ठेवलं. चार दिवस ठेवलं. पाचव्या दिवशी जामिनावर सोडलं.

सोडल्याच्या दिवशीच दुपारी चार वाजता जिन्यावर पावलं वाजली. चोच्या आदल्या दिवशी खोलीवर आला होता, कॉटवर उशीला टेकून बसला होता. ताई चादरी घड्या करत होती. पावलं दोघांनीही ओळखली. ताईच्या हातातली घडी तशीच राहिली.

दार वाजलं. दाजींचा आवाज अगदी मऊ होता. त्यांना ताईशी बोलायचं होतं, फक्त पाच मिनिटं. चूक झाली म्हणत होते. घर खायला उठतं म्हणत होते. ताई दारापाशी गेली आणि विचारलं, हातात काय आहे.

"काही नाही गं. काय असणार आता?"

ताईनं दार बोटभर उघडलं. चोच्याला ओरडायचं होतं, नको, पण तारांमधून नुसता घोगरा आवाज बाहेर आला. ताईनं फटीतून खालीवर बघितलं. खरंच काही नव्हतं. रिकामे हात. उजव्या मनगटावर सुरीच्या पाठीचा हिरवा-काळा वळ.

"बघितलं," ताई म्हणाली. "आता जा."

दार बंद होण्याआधी उजवा हात आत आला. चार बोटं चौकटीवर आणि ढकलायला सुरुवात. मऊ आवाज गेला होता. आता काही आवाजच नव्हता, नुसता श्वास. बंदुकीचं काम लांबून होतं, रस्त्यापलीकडच्या पायरीवर बसूनसुद्धा होतं. हाताला जवळ यावं लागतं. पाठीशी बंदूक नसताना इतकं जवळ यायची वेळ दाजींवर बहुतेक आली नव्हती.

ताईनं खांदा लावला.

छर्रे घुसलेला, अजून पट्टी बांधलेला तोच हात, तोच खांदा. दारानं बोटं चौकटीत धरली आणि बाहेरून दाजी पहिल्यांदा ओरडले. चोच्यानं त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. आवाज बारीक होता. ताई मागं सरली नाही. तिनं पाय जमिनीवर रोवले आणि अंगाचं सगळं वजन दारावर टाकलं. काहीतरी मोडलं, ओल्या काटकीसारखं. मग आणखी एक.

चोच्या कॉटवरून उतरला. खोली फिरत होती. भिंत धरत धरत आला आणि ताईशेजारी त्यानंही खांदा लावला. दार आणखी केसभर मिटलं. चौकटीवरून रक्ताची बारीक धार खाली उंबऱ्यापर्यंत आली.

"सोड," बाहेरून दाजी रडत होते. "सोड गं. हात जाईल माझा."

ताईनं कपाळ दाराला टेकवलं. ती अगदी हळू बोलली, शेजारी असून चोच्याला कष्टानं ऐकू आलं.

"चाप ओढायचं बोट कुठलं ते माहितीये मला," ती म्हणाली. "तेच धरलंय."

आणखी थोडा वेळ तिनं धरून ठेवलं. किती, ते चोच्याला सांगता आलं नसतं. मग तिनं दार जेमतेम सैल केलं. हात सुटला, फरशीवर गुडघे आपटल्याचा आवाज आला, मग जिन्यावर पावलं. एकेक पायरी. कठड्याला घासत.

ताईनं कडी घातली. पण खांदा काढला नाही. तिचं सगळं अंग कापत होतं, दारसुद्धा तिच्याबरोबर बारीक वाजत होतं.

चोच्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तारांमधून, जमेल तसं, म्हणाला की गेले.

"मला ऐकू येतंय," ताई म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.